मत्स्यपारधीतील शिष्टाचार

नदीच्या एकाच टप्प्यावर गळाने मासे पकडणाऱ्या व्यक्तींनी परस्परांशी, काठाच्या मालकाशी व प्रत्यक्ष नदीशी कसे वागावे, यासंबंधीचे रूढ संकेत. छंद वा क्रीडा म्हणून काठी, दोरा व गळ यांच्या साहाय्याने केलेल्या मासेमारीस मत्स्यपारध म्हणतात. उपजीविकेसाठी जाळ्यांनी केल्या जाणाऱ्या मासेमारीहून ती निराळी मानली जाते. गळाने मासे पकडण्याच्या क्रियेस कोकणात ‘गरवणे’ असे म्हणतात. मत्स्यपारधीतील संकेत बहुतांशी अलिखित असून ते अनुभवी व्यक्तींकडून नवशिक्यांकडे तोंडी येतात. नदीत मासे पकडण्याचा हक्क कोणास आहे, हे कायदा ठरवितो. परंतु तो हक्क असलेले दोघेचौघे एकाच वेळी एकाच डोहापाशी आले, तर त्यांनी पाणी कसे वाटून घ्यावे, हे कायदा सहसा सांगत नाही. ही उणीव शिष्टाचार भरून काढतो. वाहते पाणी कुंपण घालून वाटता येत नाही आणि त्यातील मासा पकडला जाईपर्यंत कोणाचाच नसतो, या दोन गोष्टींत या शिष्टाचाराचे मूळ आहे.

नैसर्गिक कारणे : मत्स्यपारधीतील संकेत केवळ सौजन्यातून निर्माण झालेले नाहीत, माशांच्या सवयी हा त्यांचा खरा आधार आहे. नदीतील मासा सामान्यतः प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो व वाहत येणारे भक्ष्य टिपतो. पाण्याखालून वर पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे त्याला बाहेरचे सारे जग सु. ९७° कोनाच्या एका वर्तुळाकार खिडकीत सामावलेले दिसते. त्यामुळे काठावर उभा असलेला माणूस पुष्कळ अंतरावरूनही त्याच्या दृष्टीस पडतो. मात्र वाकून वा बसून हालचाल करणारा माणूस त्या खिडकीच्या अगदी कडेला राहतो व सहज लक्षात येत नाही. शरीराच्या दोन्ही बाजूंवरील संवेदी रेषांमुळे माशाला पाण्यातील कंपनेही कळतात. गोट्यांवरून धडपडत चालणारा माणूस, पाण्यावर पडणारी त्याची सावली किंवा डोक्यावरून फिरणारा दोरा यांमुळे बुजलेला मासा दगडाखाली किंवा खोल पाण्यात जातो आणि काही काळ भक्ष्य घेत नाही. म्हणजेच एकाच्या निष्काळजी वागण्याने दुसऱ्याचा संपूर्ण दिवस वाया जाऊ शकतो.

सर्व मासे मात्र सारख्याच प्रकारे वागत नाहीत. ट्राउट हा मासा नदीतच आपला ठराविक टापू धरून राहतो व तेथेच खातो. एकदा बुजला की त्या जागेला विश्रांती द्यावी लागते. म्हणून ट्राउटच्या नद्यांवर दोन व्यक्तींमध्ये पुरेसे अंतर असावे, हा मुख्य नियम ठरला. सॅमन हा मासा समुद्रात वाढतो व अंडी घालण्यासाठी नदीत परततो. गोड्या पाण्यात तो जवळजवळ काहीच खात नाही. तथापि वाटेवरील डोहांत ठराविक जागी विसावला असताना तो कधीकधी समोरून जाणाऱ्या कृत्रिम माशीवर झडप घालतो. एकाच्या आमिषाकडे दुर्लक्ष करणारा सॅमन थोड्या वेळाने दुसऱ्याचे आमिष घेतो, असाही अनुभव येतो. त्यामुळे एकच डोह अनेकांना एकामागून एक वापरता येतो. सॅमनच्या नद्यांवर अंतराऐवजी पाळीचा नियम रूढ होण्याचे हे कारण आहे. जगातील बहुतेक नद्यांवरील संकेत या दोन नियमांचेच स्थानिक प्रकार आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या विषयावरील सर्वांत जुन्या इंग्रजी लेखनापैकी एक प्रबंध विंकिन डी वर्ड या मुद्रकाने १४९६ मध्ये छापला. तो परंपरेने डेम जुलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावे ओळखला जातो. मात्र तिचे कर्तृत्व निर्विवाद नाही. गरीब माणसाच्या राखीव तळ्यात त्याच्या संमतीवाचून गळ टाकू नये, दुसऱ्याने लावलेल्या सापळ्यातील मासे घेऊ नयेत, कुंपणे मोडू नयेत, उघडलेले फाटक परत लावावे आणि एका वेळी हावरेपणाने फार मासे पकडू नयेत, असा उपदेश त्यात आहे. पाच शतकांनंतरही यांतील एकही सूचना कालबाह्य झालेली नाही. आयझाक वॉल्टन याच्या द कंप्लीट अँग्लर (१६५३) या संवादरूप ग्रंथाने मत्स्यपारधीला निवांतपणा व स्नेहभाव यांची जोड दिली आणि हा छंद म्हणजे एक प्रकारचे सुसंस्कृत वर्तन होय, ही कल्पना रुजविली.

पुढील घडण मालमत्तेच्या हक्कांमुळे झाली. इंग्लंडमध्ये भरतीचे पाणी जेथवर पोहोचते, त्याच्या वरच्या बाजूस मासेमारीचा हक्क सामान्यतः काठाच्या जमीनमालकाकडे, नदीच्या मध्यरेषेपर्यंत असतो. स्कॉटलंडमध्ये सॅमन पकडण्याचा हक्क जमिनीपासून स्वतंत्र असून तो वेगळी मालमत्ता म्हणून विकता वा वारसाने देता येतो. टे, ट्वीड, स्पे व डी या नद्यांचे ‘बीट’ नावाचे टप्पे पाडलेले असतात व ते दिवसाच्या किंवा आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने दिले जातात. दोन्ही तीरांचे हक्क वेगवेगळ्या व्यक्तींकडे असल्यास आपला गळ समोरच्याच्या पुढ्यात टाकू नये, हा तेथील महत्त्वाचा संकेत आहे. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन पकडण्यास कायद्याने मनाई आहे.

इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातील टेस्ट व इचेन या खडूच्या खडकांतून उगम पावणाऱ्या नद्यांचे पाणी अत्यंत स्वच्छ असते. टेस्ट नदीवर १८२२ मध्ये हॉटन क्लब स्थापन झाला. अशा मंडळांतून सभासदसंख्या मर्यादित ठेवून पाण्यावरील गर्दी टाळण्यात आली. फ्रेडरिक हॅलफर्ड याच्या १८८६ व १८८९ मधील ग्रंथांच्या प्रभावामुळे पृष्ठभागावर तरंगणारी कृत्रिम माशी प्रवाहाच्या उलट दिशेने टाकणे हीच सभ्य पद्धत, असा आग्रह या नद्यांवर धरला जाऊ लागला. जी. ई. एम. स्क्यूज याने १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाण्याखालील अळीसदृश आमिष वापरणेही तितकेच कौशल्याचे आहे, असे प्रतिपादन केले. त्यावरून अनेक वर्षे वाद होऊन १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये या प्रश्नावर चर्चाही झाली. शिष्टाचार आणि अभिरुची यांतील भेद या वादातून स्पष्ट होतो. दुसऱ्याच्या पाण्यात न घुसणे हा शिष्टाचार आहे, कारण त्यावाचून पाणी वाटून घेता येत नाही. तरंगती माशीच वापरावी ही अभिरुची आहे, कारण तिच्या अभावी शेजाऱ्याचे काहीही बिघडत नाही. अभिरुचीला शिष्टाचाराचे रूप दिले की नवागतांना दूर ठेवण्याचे ते एक साधन बनते.

अंतराचा नियम : जो आधी आला, त्याचे पाणी, हे या नियमाचे सूत्र होय. ‘त्याचे पाणी’ याचा अर्थ तो उभा आहे तेवढीच जागा असा नसून तो ज्या दिशेने सरकत आहे, त्या दिशेचा पुढील भागही त्यात येतो. ट्राउट पकडणारा बहुधा माशाच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकतो; म्हणून त्याच्या थोडे वर जाऊन पाण्यात उतरणे हा सर्वांत मोठा अपराध समजला जातो. किती अंतर राखावे, याचा आकडा सर्वत्र एक नाही. लहान ओढ्यावर पुढचे वळणही दुसऱ्यास सोडावे लागते, तर रुंद नदीवर थोडे अंतर पुरते. संशय असल्यास विचारावे, हा याबाबतचा सर्वमान्य उपाय आहे. आपण कोणीकडे जाणार आहात, मी कोठून सुरुवात करू, एवढ्या दोन प्रश्नांनी बहुतेक तंटे टळतात. न्यूझीलंडमध्ये नदीकाठी ठेवलेल्या मोटारीच्या काचेमागे आपण कोणत्या दिशेने व कोठवर गेलो आहोत, याची चिठ्ठी ठेवण्याची पद्धत आहे. तेथील पाणी अतिशय स्वच्छ असल्याने नुकत्याच कोणी चालून गेलेल्या टप्प्यावर दिवसभर काही हाती लागत नाही, हे त्यामागील कारण होय.

काठावर बसून विश्रांती घेणारा मनुष्य डोह सोडून गेला आहे, असे समजू नये; पुष्कळदा तो बुजलेल्या माशांना स्थिर होऊ देत असतो. दुसऱ्यास ओलांडून जावयाचे असेल, तर पाण्यातून न जाता काठापासून दूर, त्याच्या पाठीमागून जावे. मात्र दोरा मागे फेकला जात असल्याने आपण येत असल्याची सूचना द्यावी. नावेतून जाणाऱ्याने उभ्या असलेल्या व्यक्तीच्या पाठीमागून, आणि ते शक्य नसेल तर तिच्या सांगण्याप्रमाणे, वल्ही न आपटता जावे.

पाळीचा नियम : सॅमनच्या मोठ्या डोहावर येणारी व्यक्ती प्रथम काठावर थांबते व पाण्यात कोण आहेत आणि कोण वाट पाहत आहेत, हे पाहते. पाळी आल्यावर ती डोहाच्या वरच्या तोंडाशी पाण्यात उतरते. दोरा प्रवाहावरून तिरकस खालच्या बाजूस फेकला जातो व तो धारेबरोबर अर्धवर्तुळाकार फिरून काठाशी येतो. त्यानंतर एक-दोन पावले खाली सरकून पुन्हा दोरा फेकावयाचा, असा क्रम असतो. अशा रीतीने डोहाच्या शेपटापर्यंत गेल्यावर ती व्यक्ती बाहेर पडून काठाने पुन्हा वर येते व रांगेच्या शेवटी उभी राहते. पुढच्या व्यक्तीने पुरेसे अंतर काटल्यावाचून मागच्याने पाण्यात उतरू नये आणि खाली सरकत असलेल्या कोणाच्याही पुढ्यात मध्येच शिरू नये, हे दोन नियम कटाक्षाने पाळले जातात. एकाच जागी पाय रोवून उभे राहणे हा यातील नेहमीचा दोष होय, कारण त्यामुळे संपूर्ण रांग अडते. मासा गळाला लागल्यास शेजारच्यांनी आपापले दोरे गुंडाळून त्याला वाट करून द्यावी, अशी अपेक्षा असते.

महाराष्ट्रातील वाचकांस ही पद्धत अपरिचित वाटू नये. पांझरा, मोसम इ. नद्यांवरील फड पद्धतीच्या सिंचनात बंधाऱ्याचे पाणी पाळीपाळीने दिले जाते. न वाटता येणारी वस्तू काळाच्या हिशेबाने वाटणे, हे तत्त्व दोन्हींत समान आहे. फडावर पाळी राखण्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी असतो. डोहावर तसा कोणी नसतो. तेथे पाळी केवळ उपस्थितांच्या एकमेकांवरील नजरेने टिकते.

गर्दीतील संकेत : काही ठिकाणी अंतर व पाळी या दोहोंनाही वाव नसतो. अलास्कातील रशियन व कीनाय या नद्यांत उन्हाळ्यात लाल सॅमन मोठ्या संख्येने येतात, तेव्हा माणसे काठाने खांद्याला खांदा लावून उभी राहतात. तेथे सर्वांनी सारख्याच लांबीचा दोरा एकाच लयीत फेकणे, मासा लागताच मोठ्याने ओरडून सांगणे व तो ऐकताच शेजाऱ्यांनी दोरे काढून घेणे, असे संकेत आपोआप निर्माण झाले आहेत. जपानमध्ये आयू नावाचा मासा पकडताना गळाच्या दोऱ्याला जिवंत आयू बांधून सोडतात. आपल्या टापूचे रक्षण करण्यासाठी दुसरा आयू त्यावर चाल करून येतो व मागे लोंबणाऱ्या गळात अडकतो. यासाठी सु. ९ मी. लांबीच्या काठ्या वापरीत असल्याने शेजाऱ्याच्या काठीची लांबी हेच तेथील अंतराचे माप ठरते. जपानी नद्यांतील मासेमारीचे हक्क स्थानिक सहकारी संघांकडे असतात. १९४९ च्या मत्स्योद्योग कायद्यानुसार माशांची वाढ करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आहे. बाहेरून येणाऱ्याने संघाचा परवाना घेणे हा तेथील शिष्टाचाराचा पहिला भाग मानला जातो.

शिष्टाचार व कायदा : जेथे तीच माणसे वर्षानुवर्षे त्याच पाण्यावर येतात, तेथे शिष्टाचार टिकतो, कारण आज दुसऱ्याचे पाणी बिघडविणाऱ्यास उद्या त्याच्याच शेजारी उभे राहावयाचे असते. अनोळखी माणसांची वर्दळ वाढली की हे बंधन सैल होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माँटॅना राज्यात १९८५ च्या कायद्याने नद्यांच्या नेहमीच्या उच्च जलरेषेच्या आतील भाग, काठ खाजगी मालकीचा असला तरी, लोकांना मनोरंजनासाठी खुला झाला. हक्काच्या दृष्टीने ही मोठी प्रगती होती. तथापि पुढे बीव्हरहेड व बिग होल या नद्यांवर मार्गदर्शकांच्या नावांची इतकी दाटी झाली की काही टप्पे ठराविक वारी परराज्यांतील व्यक्तींच्या नौकारूढ मासेमारीस बंद ठेवण्याचे नियम करावे लागले. संकेतांची जागा अशा रीतीने नियमांनी घेतली की त्यांतील लवचिकपणा नाहीसा होतो. नियम वार पाहतो, माणूस पाहत नाही. उलट शिष्टाचारात वृद्धाला जवळची जागा देणे, मुलाला पहिली पाळी देणे, दुरून आलेल्यास चांगला डोह दाखविणे, यांस वाव असतो.

संकेतभंग झाल्यास काय करावे, याचेही संकेत आहेत. चूक बहुधा अज्ञानाने होते, असे गृहीत धरून ती सौम्य शब्दांत व एकदाच सांगावी. पाण्यात दगड टाकणे किंवा दोऱ्यावर दोरा फेकणे हे प्रकार मूळ अपराधाहून वाईट समजले जातात. अनुभवी माणसे पुष्कळदा काही न बोलता दुसऱ्या डोहाकडे जातात.

नदीविषयक संकेत : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या शिष्टाचाराची व्याप्ती वाढून त्यात नदी व मासे यांचाही समावेश झाला. अंडी घालण्याच्या हंगामात वाळूखड्यांच्या स्वच्छ केलेल्या उथळ जागांवरून चालू नये. सोडून द्यावयाचा मासा ओल्या हातांनी, शक्य तो पाण्यातच हाताळावा. उन्हाळ्यात पाणी फार तापल्यावर ट्राउटच्या वाटेस जाऊ नये, हे संकेत आज सर्वत्र सांगितले जातात. एका नदीतून दुसऱ्या नदीत जाताना बूट, जाळी व काठी स्वच्छ करून वाळविणे तर अत्यावश्यक ठरले आहे. नॉर्वेमध्ये १९७५ मध्ये आढळलेल्या जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस या परजीवीने अनेक नद्यांतील सॅमनची पिल्ले नष्ट केली आणि त्याच्या निर्मूलनासाठी काही नद्यांत विषारी द्रव्य सोडावे लागले. न्यूझीलंडमध्ये डिडिमो हे उपद्रवी शैवल २००४ मध्ये सापडल्यावर, ओलावा धरून ठेवणारे नमद्याच्या तळाचे बूट २००८ मध्ये बंद करण्यात आले. या संकेतांचा लाभ पाळणाऱ्यास स्वतःला सहसा दिसत नाही. तो त्याच्यानंतर येणाऱ्यांना मिळतो.

भारत : भारतात क्रीडा म्हणून मत्स्यपारध ब्रिटिश अधिकाऱ्यांमुळे रूढ झाली. एच. एस. टॉमस या अधिकाऱ्याच्या द रॉड इन इंडिया (१८७३) या ग्रंथाने महसीर माशाची कीर्ती दूरवर पसरली. पाण्यात स्फोटके वा विष वापरून मासे मारण्यास भारतीय मत्स्यक्षेत्र अधिनियम, १८९७ अन्वये मनाई करण्यात आली. तथापि त्या काळातील शिष्टाचार साहेबांनी साहेबांशी पाळावयाचा होता. काठावरील भोई, कोळी व आदिवासी यांच्या पिढीजात वहिवाटीचा विचार त्यात क्वचितच दिसतो. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी व आसपासच्या शिबिरांत पुढे पकडलेला महसीर जिवंत सोडून देण्याचा दंडक पाळला गेला व स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून रोजगार मिळाला. मात्र हा टापू वन्यजीव अभयारण्यात येत असल्याने तेथील मत्स्यपारध २०१० नंतरच्या दशकात बंद झाली. तेथील मदार असलेल्या महसीरची (टॉर रेमादेवी) अतिसंकटग्रस्त जाती म्हणून २०१८ मध्ये नोंद झाली.

महाराष्ट्रात अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना दिले जातात. तेथे गळ टाकू इच्छिणाऱ्याने संस्थेची परवानगी घेणे, लावलेल्या जाळ्यांपासून व त्यांच्या तरंडांपासून दूर राहणे आणि दोऱ्याचे तुकडे पाण्यात वा काठावर न टाकणे हा शिष्टाचाराचा किमान भाग होय. दुसऱ्याची तेथे उपजीविका असते आणि आपला केवळ विरंगुळा, याची जाणीव त्यात अभिप्रेत आहे. रायगड जिल्ह्यातील काळ नदीवरील वाळणकोंड येथे तर महसीर देवीचे मासे म्हणून पूज्य मानले जातात. लोक त्यांना खाऊ घालतात, पण पकडीत नाहीत. त्या डोहात गळ न टाकणे हाच तेथील संकेत असून कोणत्याही लेखी नियमावाचून तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे.

मत्स्यपारधीतील शिष्टाचाराचे स्वरूप नदी, मासा व हक्कपद्धती यांनुसार बदलत असले, तरी त्याचा आशय एकच आहे. आपल्या आधी आलेल्याचा, आपल्या शेजारच्याचा आणि आपल्यानंतर येणाऱ्याचा वाटा त्या पाण्यात आहे, हे मान्य करणे म्हणजे हा शिष्टाचार होय. यांपैकी पहिल्या दोघांचे हित सांभाळण्यास साधे सौजन्य पुरेसे असते. तिसऱ्याचे हित सांभाळण्यासाठी मात्र संयम लागतो आणि नदीतील मासे टिकणे न टिकणे हे बव्हंशी त्यावरच अवलंबून असते.